पॉइंट टू-टू रायफल : गोळी आत जाताना अडते, पुंगळी बाहेर पडत नाही

गिरणाकाठ (चाळीसगाव)
राम राम मंडळी. वडिलांची जुनी बोल्ट अॅक्शन .२२ आहे, म्हणजे बोल्टचा दांडा हाताने मागे-पुढे ओढून चालवायची, पाच गोळ्यांचं सुटं मॅगझीन. वडिलांच्या पश्चात परवाना माझ्या नावावर झाला, कागदपत्रांचा काही प्रश्न नाही. २०२४ ला लोकसभेच्या आधी ठाण्यात जमा केली, सोडवून आणली, तेवढ्यात विधानसभा आली आणि परत जमा. मधल्या काळात कुणी तेलाचा हात लावला असेल असं वाटत नाही.

आता रेंजवर नेली तर दोन भानगडी. पहिली, मॅगझीनमधल्या वरच्या गोळ्या नीट जातात, पण शेवटच्या दोनचं नाक खाली जातं. शिसं चेंबरच्या, म्हणजे नळीत गोळी बसते त्या जागेच्या, खालच्या कडेला धडकून सोललं जातं. दुसरी, उडालेल्या गोळीची पुंगळी (रिकामं पितळी आवरण) कधी चेंबरमध्येच राहते, तर कधी निम्मी बाहेर येऊन अॅक्शनमध्ये आडवी पडते. बोटाने उचलून टाकावी लागते.

एका गन हाऊसवाल्याने रायफल हातात न घेताच सांगितलं, एक्स्ट्रॅक्टर (पुंगळी ओढणारा आकडा) गेला, पार्ट मिळणार नाही, नवीन रायफल घ्या. मला ती विकायची नाही. कुणी मार्ग सांगेल का?

तापीतीर
आधी नारळ फोडा. वर्षभर ठाण्यात राहून आलीय.

बोदवडकर
माले बी हाऊच तरास व्हता भाऊ. माझ्या रायफलीत खोबरेल तेल निघालं. आमच्या आजोबांना प्रत्येक गोष्टीवर खोबरेल हाच उपाय ठाऊक. उन्हाळ्यात काही कळत नाही, पण थंडी पडली की खोबरेल गोठतं. बोल्टच्या आत फायरिंग पिनभोवती पांढरं बसलं होतं, पिन दमाने पुढे जायची आणि गोळी उडायचीच नाही. तुमची उडते म्हणता, म्हणजे तो रोग नसावा, पण बोल्ट उघडून बघा.

आरमोरर काका (अमळनेर)
गिरणाकाठ भाऊ, गन हाऊसवाल्याचं सोडा. न बघता निदान सांगणारा डॉक्टर आणि मिस्तरी दोन्ही टाळावेत.

तुम्ही दोन भानगडी म्हणता, मी तीन मोजतो. गोळी मॅगझीनमधून चेंबरात जाणं, हे फीडिंग. पुंगळी चेंबरातून मागे ओढली जाणं, हे एक्स्ट्रॅक्शन. ओढलेली पुंगळी रायफलीबाहेर फेकली जाणं, हे इजेक्शन. तिन्हींचे भाग वेगळे, कारणं वेगळी. पुंगळी चेंबरातच राहिली तर एक्स्ट्रॅक्टर, त्याची स्प्रिंग किंवा खुद्द चेंबर. चेंबरातून निघाली पण आडवी पडली तर इजेक्टर, नाहीतर बोल्ट ओढणारा हात. तुमच्याकडे दोन्ही होतंय, म्हणजे एका पार्टने सुटणारं हे नाही.

रिमफायर म्हणजे काय ते आधी लक्षात घ्या, कारण मोठ्या रायफलीच्या सवयी इथे चालत नाहीत. .२२ लाँग रायफलची गोळी १८८७ पासून जवळपास तशीच आहे. मधे वेगळी टोपी नाही, स्फोटक मिश्रण तळाच्या घडीत, म्हणजे रिममध्येच भरलेलं. पिन रिमला चिरडते तेव्हा ते पेटतं. म्हणून पितळ मऊ आणि पातळ ठेवावं लागतं. शिशाचा घेर पितळी पुंगळीएवढाच आणि ते बाहेरून मेणाने माखलेलं, त्यामुळे प्रत्येक गोळीबरोबर थोडं मेण, थोडी काजळी, थोडं शिसं चेंबरात आणि बोल्टच्या तोंडावर बसतं. एक्स्ट्रॅक्टरला धरायला मिळते ती रिम जेमतेम एक मिलिमीटर जाड. आकड्याखाली नखभर घाण साचली की त्याची पकड गेली.

आता एक काम करा. काहीही घासू नका, काहीही वाकवू नका. उडालेल्या पाच-सहा पुंगळ्यांचे फोटो टाका, तळाकडून आणि बाजूने. आणि एक जिथे अडकते तिथेच ठेवून तिचाही फोटो. रिकामी पुंगळी बरं का, जिवंत नाही.

आणि हे सगळ्यांसाठी. जिवंत गोळी चेंबरात अडकली तर स्क्रूड्रायव्हरने रिम उचकटायची नाही. स्फोटक त्या रिममध्येच आहे. नळीच्या तोंडातून गज घालून ठोकायचंही नाही. तोंड सुरक्षित दिशेला ठेवा आणि रेंजवरच्या माणसाला बोलवा. चाप दाबून गोळी उडाली नाही तर बोल्ट लगेच उघडू नका, अर्धा मिनिट तरी तोंड निशाणाकडेच. आवाज फुसका आला तर पुढची गोळी भरण्याआधी नळीतून आरपार उजेड दिसतो का ते बघा, शिसं मधेच अडकलेलं असू शकतं.

एनसीसी ९३ बॅच
काका, गोळ्या भरण्याची पद्धत पण विचारा. आमचे उस्ताद .३०३ ही मोठी रायफल शिकवताना कानीकपाळी ओरडायचे, वरच्या गोळीची रिम खालच्या गोळीच्या रिमच्या पुढे हवी. उलटं झालं की बोल्ट वरची ढकलतो, ती खालचीला ओढते आणि दोन्ही गुंततात. .२२ ला पण रिम आहेच की.

आरमोरर काका (अमळनेर)
बरोबर. गुंतल्या रिमा हे रिमवाल्या प्रत्येक काडतुसाचं दुखणं. पण बघा, रिम गुंतली तर वरच्या गोळ्या अडायला हव्यात, कारण खाली दुसरी गोळी असते तोवरच गुंता. यांच्या शेवटच्या दोन अडतात. तेव्हा मॅगझीनची स्प्रिंग सगळ्यात ढिली झालेली असते. गोळीला वर ढकलायला जोर कमी, बसकं (गोळ्यांना खालून उचलणारी पट्टी) पुढून झुकलेलं, नाक खाली. माझा पहिला संशय स्प्रिंगवर. दुसरा मॅगझीनच्या खटक्यावर. खटका झिजला की मॅगझीन केसभर खाली लोंबतं आणि बोल्ट रिमच्या वरच्या काठाला चाटून जातो. मॅगझीन बसवून बोटाने खाली-वर हलवा, किती हलतं सांगा.

केळीबाग (रावेर)
विषय निघालाच आहे तर विचारतो. आमच्याकडे रानडुकरांनी केळीचे खुंट उकरून टाकलेत. .२२ ने काम होईल का? लांबून?

धागा व्यवस्थापक
केळीबाग भाऊ, नुकसान आम्हीही बघतो, पण उत्तर नाही असंच आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ रानडुकरालाही लागू आहे. वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय हात लावता येत नाही. नुकसानभरपाईचा अर्ज वनखात्याकडे करा, पंचनामा लवकर करून घ्या. आणि परवानगी मिळाली तरी .२२ नाही. अडीच ग्रॅमच्या शिशाने डुक्कर मरत नाही, जखमी होऊन बागेत दडतं आणि सकाळी पाणी द्यायला गेलेल्या गड्याच्या अंगावर येतं. या धाग्यात दुरुस्तीपलीकडे काही नको.

गिरणाकाठ (चाळीसगाव)
फोटो टाकलेत. मॅगझीन बसवल्यावर किंचित हलतं, पण खटका आवाज करून बसतो. पुंगळ्यांवर एक गोष्ट मला आधी दिसलीच नव्हती. बहुतेक सगळ्यांवर एक उभा ओरखडा आहे, तळापासून निघून तोंडाकडे पुसट होत गेलेला. नख लावलं तर जाणवतो. बाकी काजळी आहे.

पन्नास मीटर (जळगाव)
तो ओरखडा आणि पिनची खूण एका रेषेत आहे का? फोटो क्रमांक ३ आणि ५ मध्ये मला तसं दिसतंय.

गिरणाकाठ (चाळीसगाव)
हो ताई! सगळ्यांवर. पिनने जिथे रिम दाबलीय बरोबर तिथूनच ओरखडा सुरू होतो.

आरमोरर काका (अमळनेर)
ताईंनी मर्मावर बोट ठेवलं. आता मी खात्रीने बोलतो.

गोळी मॅगझीनमधून येताना कुठल्याही कोनात फिरलेली असू शकते. मॅगझीनच्या ओठाने ओरखडा काढला असता तर पिनच्या खुणेशी त्याचं काही नातं नसतं, कधी इकडे कधी तिकडे. पण पिन चेंबरच्या एकाच जागी आपटते. ओरखडा कायम पिनच्या रेषेत आहे, म्हणजे तो चेंबरच्या कडेवरच्या ठरलेल्या जागी पडतोय. पिनखालची कड आत दबलीय.

हे होतं कशाने? चेंबर रिकामं ठेवून चाप दाबण्याने. मोठ्या रायफलीत पिनसमोर मोकळी जागा असते. रिमफायरमध्ये पिनसमोर रिम हवी, ती नसेल तर पुष्कळ जुन्या रायफलींत पिन थेट चेंबरच्या काठावर आदळते. एकदा-दोनदा आदळून फरक पडत नाही. वर्षानुवर्षं कुणी हौसेने बोल्ट ओढून टकटक करत असेल तर काठाचं पोलाद थोडं थोडं आत सरकतं आणि चेंबरात टोक येतं. एमआयडीसीत लेथवर काम केलेल्या खराद्याला विचारा, तो म्हणेल बर आला. गोळी जाताना हे टोक पितळ खरवडतं. उडाल्यावर पितळ फुगून भिंतीला चिकटतं आणि त्या टोकावर अडतं. एक्स्ट्रॅक्टर ओढून ओढून रिमवरून सुटतो. दोष काठाचा आणि नाव एक्स्ट्रॅक्टरचं.

खात्री करायची सोपी रीत. रायफल रिकामी, मॅगझीन काढलेलं, बोल्ट बाहेर. दोनदा बघा रिकामी आहे की नाही. मग काडीला कापूस गुंडाळा, कापूस आपल्याकडे काही कमी नाही, आणि चेंबरच्या कडेवरून हळू गोल फिरवा. जिथे तंतू अडकून राहील तिथे टॉर्च मारा.

आता एक्स्ट्रॅक्टरची परीक्षा. बोल्ट हातात घ्या, रिकाम्या पुंगळीची रिम आकड्याखाली सरकवा आणि बोल्ट आडवा धरून जरा हलवा. पुंगळी धरून राहिली तर एक्स्ट्रॅक्टर ठीक. लगेच गळून पडली तर आकड्याखालची घाण काढा आणि परत बघा. सुईने नाही, लाकडी काडीने.

धुळेकर_एमआयडीसी
काका, बर आहे तर पॉलिश पेपर डोवेलला (लाकडी दांडीला) गुंडाळून ड्रिलला लावला की दोन मिनिटांचं काम. मी मोटरचे बुश असेच काढतो.

आरमोरर काका (अमळनेर)
आणि दोन मिनिटांत रायफल भंगारात. कडेचं पोलाद आत *सरकलंय*, वाढलेलं नाही. घासून टाकलं तर पिनसमोरचं पोलाद कायमचं कमी होतं, रिमला पुढून टेकू राहत नाही. मग गोळी कधी उडते कधी नाही, आणि वाईट दिवस असेल तर रिम तिथेच फाटते. गॅस कुठे येतो? तुमच्या डोळ्याकडे.

आत सरकलेलं पोलाद परत बाहेर दाबून बसवायचं असतं. त्यासाठी चेंबरच्या मापाचं, टोकाकडे निमुळतं, गुळगुळीत कडक हत्यार मिळतं. जाणता गनस्मिथ ते आत घालून दाबतो, एक कणही न काढता. शिवाय शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ मध्ये दुरुस्तीचाही उल्लेख आहे. दुसऱ्याच्या शस्त्राची दुरुस्ती करून द्यायला परवाना लागतो. ओळखीच्या खराद्याकडे नेऊ नका, त्यालाही गोत्यात आणाल.

धुळेकर_एमआयडीसी
समजलं काका. माघार.

पन्नास मीटर (जळगाव)
काकांशी मी एका गोष्टीवर भांडणार आहे, पण ते नंतर. आधी गोळ्यांबद्दल, कारण ते कुणी विचारलंच नाही. गिरणाकाठ दादा, गोळ्या किती जुन्या, कुठे ठेवल्या होत्या?

गिरणाकाठ (चाळीसगाव)
वडिलांच्या वेळच्या काही उरल्या आहेत, देशी बनावटीच्या, केएफ शिक्क्याच्या. नवीन थोड्या आणल्या, त्या परदेशी हाय व्हेलॉसिटी. रेंजवर दोन्ही मिसळून वापरल्या. गोळ्यांचा डबा गाडीत असतो.

पन्नास मीटर (जळगाव)
गाडीत! मे महिन्यात भुसावळला पंचेचाळीसच्या वर पारा जातो, बंद गाडीत त्याहून कितीतरी जास्त. शिशावरचं मेण वितळून खाली उतरतं, मग त्यावर धूळ चिकटते. अशी गोळी चेंबरात गेली की पॉलिश पेपरने घासल्यासारखी जाते. घरात थंड, कोरड्या जागी ठेवा, कुलपात. डबा बदलू नका, मूळ खोक्यातच राहू द्या.

मिसळणं पण बंद. हाय व्हेलॉसिटी साधारण सेकंदाला ३७५-३९० मीटर, स्टँडर्ड ३३० च्या आसपास. तुमच्या बोल्ट अॅक्शनला वेगाची काही गरज नाही, बोल्ट तुमच्या हाताने चालतो. पण जोरात फुगलेलं पितळ त्या दबलेल्या काठावर जास्त घट्ट बसतं. एका वेळी एकच प्रकार वापरा आणि कुठल्या प्रकारात किती पुंगळ्या अडकल्या ते वहीत लिहा. माझा अंदाज, स्टँडर्डमध्ये कमी अडकतील.

आता भांडण. फौजी माणसं नळी रोज पुल-थ्रू (चिंधी बांधलेली दोरी) मारून लख्ख करतात. .२२ ला ते नको. नळीत शिशाचा आणि मेणाचा पातळ थर बसला की नेम स्थिर होतो. पूर्ण खरवडून काढला की पुढच्या बऱ्याच गोळ्या इकडेतिकडे जातात. ५० मीटरवरच्या निशाणात दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं, आमचा जीव तेवढ्यात अडकलेला. स्वप्निल कुसळेने २०२४ ला पॅरिसमध्ये कांस्य मिळवलं ते याच .२२ वर, पन्नास मीटर थ्री पोझिशनमध्ये. तेव्हा चेंबर आणि बोल्टचं तोंड प्रत्येक वेळी साफ करा, नळी मात्र नेम बिघडला की.

आरमोरर काका (अमळनेर)
ताई, तुमच्या रायफली रोज चालतात, कपाटात वातानुकूलित झोपतात. यांची वर्षभर दमट खोलीत पडून होती. मेणाच्या थराखाली गंज चढला की तुमचं १०.४ काय आणि माझं काय. मी म्हणतो ही एकदा पूर्ण साफ करा, बघा खाली काय आहे. पुढचं तुमच्या पद्धतीने, मान्य.

मात्र दोघांचं एक ऐका. गज नेहमी मागून, बोल्टच्या बाजूने घालायचा. नळीच्या तोंडाकडून घातला की कड झिजते आणि नेम कायमचा जातो. एका बाजूने ढकला, समोर चिंधी काढून टाका, गज मागे घ्या. साफसफाई झाल्यावर हात साबणाने धुवा, मगच भाकरीला हात लावा. ती काळी घाण म्हणजे शिसं आहे.

बोदवडकर
आणि तेल? शिलाई मशीनचं चालेल का?

आरमोरर काका (अमळनेर)
चालेल, थेंबभर. बोल्टच्या अंगावर बोटाने पसरवून पुसून घ्या. चेंबरात तेल अजिबात नको, कोरडं हवं. आणि जास्त तेलावर आपली काळी माती बसली की लुगदी होते, ती एक्स्ट्रॅक्टरच्या खाचेत शिरते. खान्देशात कमी तेल चांगलं.

गिरणाकाठ (चाळीसगाव)
कापूस अडकला. चेंबरच्या कडेला, बोल्ट बसतो तिथे, बरोबर पिन येते त्या जागी तंतू लोंबत राहिला. टॉर्चने बघितलं तर अर्धचंद्रासारखी दबलेली खूण आहे, आणि तिच्या आतल्या बाजूला चकाकणारी बारीक कड. मोबाइलने फोटो येत नाही नीट.

एक्स्ट्रॅक्टरच्या खाचेत काळा, टणक, मेणकट थर होता. काडीने सुटेना म्हणून थोडं साफसफाईचं द्रावण लावून ठेवलं, मग खपलीसारखा निघाला. आता पुंगळी आकड्यात धरून राहते. गन हाऊसवाल्याला फोटो पाठवायचा मोह आवरला.

सुट्टीला पुतणे यायचे तेव्हा वडील त्यांना रिकामी रायफल धरायला द्यायचे आणि ती पोरं टक टक करत बसायची, हे आईने सांगितलं.

पन्नास मीटर (जळगाव)
मग तर नक्कीच. सराव करायचाच असेल तर चेंबरात प्लास्टिकची खोटी गोळी घालून करायचा, पिनला आपटायला काहीतरी मऊ हवं.

आणखी एक, बोल्ट कसा ओढता? तुमच्या प्रकारच्या बहुतेक रायफलींत इजेक्टर म्हणजे बॉडीत पक्का बसवलेली पट्टी. बोल्ट पार मागे आला की पुंगळीचा तळ त्या पट्टीवर आदळतो आणि ती उडते. सावकाश ओढलात तर आदळत नाही, लवंडते. निम्म्यातून परत पुढे ढकललात तर पुंगळी आणि नवी गोळी दोन्ही आत चिमटतात. जुनी रायफल म्हणून लोक जपून, लाडाने ओढतात. तसं नको. शेवटपर्यंत, एका झटक्यात.

एनसीसी ९३ बॅच
आणि मॅगझीनची स्प्रिंग? ताणून लांब केली तर?

आरमोरर काका (अमळनेर)
ताणलेली स्प्रिंग एक दिवस जोर दाखवते, परत बसते. आणि ताणताना एखादा वेढा वाकला तर बसकं तिरकं उठतं, दुखणं दुप्पट. मॅगझीनचे ओठही पक्कडने दाबू नका. दोन्ही ओठ समोरून बघा, सारख्या उंचीवर आहेत का, कुठे चीर आहे का. आधी मॅगझीन सोडवून आतली माती धुवा, स्प्रिंग पुसा, कोरडी परत बसवा. निम्म्या मॅगझीनांचा आजार एवढ्यावर जातो. नाही गेला तर गनस्मिथकडे जाताय तेव्हा मॅगझीन पण न्या.

गिरणाकाठ (चाळीसगाव)
उशिरा लिहितोय, कापूस वेचणीत अडकलो होतो.

परवानाधारक गनस्मिथ दुसऱ्या जिल्ह्यात मिळाला. परवाना आणि रायफल दोन्ही घेऊन गेलो. वयस्कर माणूस, भिंग लावून बघितलं आणि काहीही न विचारता म्हणाला, पोरं टकटक करतात का? माझ्यासमोर हत्यार आत घालून कड दाबली, मधे मधे पुंगळी घालून बघत होता. एक्स्ट्रॅक्टरला हातही लावला नाही. पिनचं टोक बघून म्हणाला की ती ठरल्यापेक्षा जरा जास्त पुढे येते, काठ दबण्यात तिचाही हात आहे, तिचं माप नीट करून दिलं. मॅगझीनमध्ये दुसरी स्प्रिंग बसवली, जुनी शेजारी ठेवून दाखवली तर एका वेढ्याची उंची कमी भरली.

रेंजवर स्टँडर्ड गोळ्यांवर सगळं सुरळीत. पुंगळ्यांवर ओरखडा नाही. केएफच्या जुन्या गोळ्यांत एक-दोन उडाल्या नाहीत, अर्धा मिनिट थांबून बाजूला काढल्या. मेण निघून गेलेल्या, हिरवट डाग पडलेल्या त्या गोळ्या आता वापरत नाही, नियमाने कुठे जमा करायच्या ते विचारतोय. मॅगझीन अजून किंचित हलतं, पण गोळी अडत नाही म्हणून खटका तसाच ठेवलाय. काका, ताई, मनापासून आभार.

एक शेवटचं. परत निवडणूक लागली की जमा करावी लागू शकते. त्या काळात काय काळजी घेऊ?

आरमोरर काका (अमळनेर)
नळी आणि बाहेरचं पोलाद कोरडं करून तेलाचा पातळ हात द्या, नेहमीपेक्षा किंचित जास्त चालेल, कारण मधे कुणी पुसणार नाही. चामड्याच्या किंवा रेक्झिनच्या कव्हरात घालून देऊ नका, पावसाळ्यात ओल धरून ठेवतं, पोलादाला डाग तिथेच पडतात. सुती कापडात सैल गुंडाळा. पावतीवर रायफलीच्या नंबरासोबत मॅगझीन आणि बोल्ट यांचाही उल्लेख लिहून घ्या. सोडवून आणल्यावर गोळी भरण्याआधी नळीतून चिंधी फिरवून तेल काढा आणि आरपार बघा.

तापीतीर
नारळाचं कुणी विचारलंच नाही.